फराळ पामतेलात तळला तर जंगलतोडीची जबाबदारी कोणाची?

खाडीकाठची (नेरुळ)

आमच्या सोसायटीतल्या बचत गटाचं दिवाळी फराळाचं काम सुरू झालंय. दरपत्रक व्हॉट्सॲपवर टाकलं आणि पहिलाच प्रश्न आला तो भावाचा नव्हता. "तळण कशात आहे? पामतेल असेल तर आमची ऑर्डर नको, त्यासाठी जंगलं जाळतात." विचारणारी आमच्याच बी विंगमधली, कॉलेजात जाणारी मुलगी.

त्यावरून गटात सरळ दोन तट पडले. एक तट म्हणतो, पाकिटावर 'पामतेलविरहित' असं ठळक छापा आणि किलोमागे चार पैसे जास्त घ्या. दुसरा म्हणतो, सगळा माल शेंगदाणा तेलात तळायचा तर पदरचे पैसे घालून कोण देणार? मला पडलेला प्रश्न तिसराच आहे. तुर्भ्याच्या मार्केटातून १५ किलोचा डबा येतो. त्यातलं तेल कुठल्या बेटावरच्या कुठल्या मळ्यातलं, ते विकणाऱ्याला ठाऊक नाही, डबा भरणाऱ्याने सांगितलेलं नाही आणि आजवर आम्हीही विचारलेलं नाही. मग आपण काय करणं बरोबर? तेल बदलायचं की विचारायला लागायचं? आणि विचारायचं तरी कोणाला?

इथे तेलाच्या, रसायनांच्या आणि शेतीच्या धंद्यातले बरेच जण आहेत म्हणून धागा काढला. कोलेस्टेरॉलची चर्चा कृपया इथे नको, त्यावर आधीच दोन धागे वाहताहेत.

शून्य अपेक्षा

कोलेस्टेरॉल नको म्हटलंय म्हणजे दहाव्या प्रतिसादाच्या आत येणार. खुर्ची घेऊन बसतो.

येऊरची वाट (ठाणे)

त्या मुलीला माझ्यातर्फे एक चकली फुकट द्या.

ओरांगउटान वानर पोस्टरवर येऊन येऊन गुळगुळीत झालाय, पण आकडे गुळगुळीत नाहीत. बोर्निओत १९९९ ते २०१५ या काळात एक लाखाहून जास्त ओरांगउटान कमी झाले, असा अंदाज २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात मांडलाय. सगळा दोष पामच्या मळ्यांचा नाही. शिकारीने मेलेलेही पुष्कळ, आणि तेही त्याच संशोधनात आहे. सुमात्रातल्या तापानुली ओरांगउटानला वेगळी प्रजाती म्हणून २०१७ मध्ये नाव मिळालं, तेव्हाच ते जेमतेम आठशे उरले होते.

पण मला विचाराल तर प्राण्यांच्या आधी जमीन बघा. सुमात्रा आणि बोर्निओच्या सखल भागात पीटची जमीन आहे. हजारो वर्षं पाण्यात बुडून राहिल्यामुळे पुरता न कुजलेला पालापाचोळा आणि लाकूड, कुठे कुठे दहा मीटर खोल. तिथे पाम लावायचा तर चर खणून पाणी काढावं लागतं. पाणी उतरलं की तो थर हवेला उघडा पडतो आणि कार्बन सोडत राहतो. वरून मळा कितीही हिरवागार दिसो, खाली जमीन खचत असते. उन्हाळा लांबला की ती पेटते. आग जमिनीच्या पोटात धुमसते, वरून पाणी मारून विझत नाही.

२०१५ च्या एल निन्योत इंडोनेशियात सुमारे २६ लाख हेक्टर जळालं. पालघर वेगळा झाल्यानंतरचा आपला ठाणे जिल्हा साधारण सव्वाचार लाख हेक्टरांचा, म्हणजे असे सहा जिल्हे. जागतिक बँकेने नुकसानीचा हिशेब १६ अब्ज डॉलर काढला. धूर सिंगापूर-मलेशियापर्यंत गेला. सिंगापूरने तर आदल्याच वर्षी कायदा केला होता, की धूर आमच्याकडे आला तर देशाबाहेर आग लावणाऱ्या कंपनीवरही खटला भरू. जळलेलं सगळंच पामसाठी जळलं असं नाही. कागदाच्या लगद्याची लागवड, छोटे शेतकरी, जुनी ओसाड पीट जमीन, सगळं त्यात आलं. पण पाम बाजूला ठेवून ही गोष्ट सांगता येत नाही.

आकडेमोड (ऐरोली)

पामच्या बाजूनेही कोणीतरी बोलायला हवं, मी बोलतो.

हेक्टरी तेल किती निघतं? पाम साडेतीन टनांच्या आसपास. मोहरी आणि सूर्यफूल पाऊण टनाच्या आगेमागे. सोयाबीन कसंबसं अर्धा टन. जगात तेलपिकांखाली जेवढी जमीन आहे तिच्या दहा टक्क्यांहून कमी जमिनीवर पाम उभा आहे आणि वनस्पती तेलांपैकी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त तेल तो देतो. आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संस्थेने २०१८ च्या अहवालात पामची भलामण केलेली नाही, १९३ धोक्यातल्या प्रजातींना पामची झळ लागते असं स्वच्छ लिहिलंय. पण त्याच अहवालात हेही आहे, की तेवढंच तेल दुसऱ्या पिकांतून काढायचं तर नऊपटीपर्यंत जमीन लागेल.

आता घरचं गणित. भारत वर्षाला ढोबळमानाने ८० ते ९० लाख टन पामतेल आणतो, जगात सगळ्यात जास्त. त्याच्या जागी भुईमूग लावू म्हटलं आणि हेक्टरी अर्धा टन तेल धरलं, तर १६० ते १८० लाख हेक्टर हवेत. अख्ख्या महाराष्ट्रातली पेरणीखालची जमीन जवळपास तेवढी भरते. मग ज्वारी कुठे लावणार, ठाण्याच्या तलावपाळीवर?

आणि पाम सोडून सोयाबीन तेल घ्याल तर तेही बहुतांशी अर्जेंटिना-ब्राझीलहून येतं. ब्राझीलच्या सेराडोतलं गवताळ-झुडपी रान सोयाबीनखाली जातंय. त्याची पोस्टरं निघत नाहीत एवढंच.

येऊरची वाट

आकडे मान्य. निष्कर्षाची घाई मान्य नाही.

जास्त उत्पन्नामुळे जमीन वाचते, पण मागणी जागच्या जागी राहिली तरच. स्वस्त तेल मिळालं की त्याचे उपयोग वाढतात. बिस्किटं, नूडल्स, साबण हे झालंच. इंडोनेशियात तर डिझेलमध्ये ४० टक्के पामचं इंधन मिसळायचं धोरण २०२५ पासून लागू झालंय. नऊपट जमिनीचा हिशेब खरा असला तरी तो जंगल तोडायचा परवाना होत नाही. पाम चांगला की वाईट हा प्रश्न शाळेतल्या वादविवाद स्पर्धेचा. पाम कुठे लावला, काय काढून लावला, हे कळल्याशिवाय मी चांगला म्हणणार नाही आणि वाईटही म्हणणार नाही.

गरमागरम (नौपाडा)

आमचं फरसाणचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. सगळे पामोलिनला, म्हणजे पामतेलाच्या पातळ भागाला, शिव्या देताहेत म्हणून लिहितो.

आमची कढई सकाळी चढते ती दुपारी उतरते. पामोलिन तेवढा ताप सोसतं. फेसाळत नाही, शेवेचा रंग घाण्यागणिक बदलत नाही. सूर्यफूल तेलाने दोन दिवसांत कढईच्या काठाला आणि झाऱ्याला चिकट पिवळा थर धरतो, तो घासताना पोरं रडकुंडीला येतात. शेंगदाण्याची चव राजेशाही, पण भावही राजेशाही. थंडीत पामोलिनच्या डब्याच्या तळाशी पांढरं बसतं आणि गिऱ्हाईक भेसळ म्हणून ओरडतं. भेसळ नाही हो, गार पडलं की ते गोठणारच.

२०२२ च्या एप्रिलअखेर इंडोनेशियाने निर्यात बंद केली ती मे संपत आल्यावर उघडली. आधी युक्रेनच्या युद्धाने सूर्यफूल तेल अडकलेलं, त्यात हे. डब्याचा भाव सकाळी एक, संध्याकाळी एक. आपली कढई कोणाच्या हातात आहे ते त्या महिन्यात नीट कळलं.

आता जबाबदारीचं. पुरवठादाराला विचारलं, जंगल न तोडता काढलेलं तेल मिळेल का? तो म्हणाला, "शेठ, एफएसएसएआयचा नंबर आहे ना डब्यावर, मग झालं." त्या नंबराचा आणि जंगलाचा काय संबंध? तसा डबा मिळाला तर किलोला दोन रुपये जास्त द्यायला मी तयार आहे. पण समोरचा दुकानदार देणार नाही आणि त्याची शेव माझ्यापेक्षा स्वस्त राहील. गिऱ्हाईक शेव चाखून बघतं, जंगल कुठे चाखतंय?

मनमौजी७

पण पामतेलाने हृदयविकार होतो हे सिद्ध झालंय ना?

शून्य अपेक्षा

सहावाच प्रतिसाद. खुर्ची गुंडाळतो.

केमिकल लोचा (घणसोली)

खाडीकाठची ताई, तुमचा गट चकलीवर भांडतोय आणि पामतेल तर बाथरूममध्येही बसलंय. साबणाच्या वेष्टनावर 'सोडियम पामेट', 'सोडियम पाम कर्नलेट' वाचा. शाम्पूतला फेस करणारा माल बऱ्याचदा पामच्या बीच्या तेलातून येतो. अभ्यंगस्नानाला उटणं लावून झाल्यावर जी वडी हातात घेता तीही त्यातलीच असण्याची शक्यता दांडगी. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात मी खरेदी खात्यात आहे, स्टिअरिक ॲसिड आणि ग्लिसरीन रोज हाताखालून जातं, म्हणून सांगतो.

प्रमाणपत्राचं असं आहे. शाश्वत पामतेलाला प्रमाणपत्र देणारी आरएसपीओ नावाची संस्था २००४ पासून आहे. मळेवाले, गिरण्या, व्यापारी, बँका, पर्यावरणवाले सगळे एका टेबलावर. जगातल्या पामतेलापैकी साधारण पाचवा हिस्सा तिच्या प्रमाणपत्राखाली येतो. २०१८ मध्ये नियम कडक झाले, नवीन लागवडीसाठी जंगल तोडायचं नाही आणि पीटवर जायचं नाही. कागदावर उत्तम. पण प्रमाणित तेल विकायच्या चार तऱ्हा आहेत, आणि लोक फसतात ते तिथेच.

पहिल्या तऱ्हेत एकाच ठिकाणचं तेल शेवटपर्यंत वेगळं ठेवतात. दुसरीत प्रमाणित मळ्यांचं तेल एकमेकांत मिसळतं, पण बाहेरचं त्यात येत नाही. तिसरी म्हणजे मास बॅलन्स, आमच्या धंद्यात चालते ती बहुतेक हीच. गावच्या डेअरीत देशी गाईचं आणि जर्सीचं दूध एकाच टाकीत पडतं. समजा शंभर लिटर देशी आलं, तर डेअरी शंभर लिटरपुरतीच 'देशी'ची पावती फाडते. तुमच्या तपेल्यात नेमकं कुठलं आलं ते देवाला ठाऊक, पण पैसे देशी गाय पाळणाऱ्याला पोचले. मास बॅलन्स म्हणजे हेच. चौथीत तर तेलाचा संबंधच नाही, नुसती पावती विकत घ्यायची.

मी मास बॅलन्सला फसवणूक म्हणणार नाही. त्यातून चांगल्या मळ्याला दोन पैसे जास्त मिळतात. पण वेष्टनावर हिरवं पान छापून गिऱ्हाईकाला वाटायला लावायचं, की या वडीतलं तेल जंगल वाचवून आलंय, ही मात्र चलाखी.

आमच्याकडे युरोपातलं गिऱ्हाईक प्रत्येक खेपेला प्रमाणपत्र मागतं. देशी गिऱ्हाईकाचा पहिला प्रश्न भावाचा आणि दुसराही भावाचाच. म्हणून एकाच कारखान्यातून युरोपला कागद लावलेला माल जातो आणि भिवंडीला बिनकागदाचा.

खाडीकाठची

बापरे. मग मी विचारू तरी काय? "प्रमाणपत्र आहे का" एवढं विचारून भागत नसेल तर?

केमिकल लोचा

गिरणी विचारा.

पामचा घड झाडावरून उतरला की साधारण चोवीस तासांत गिरणीत पोचायला हवा. उशीर झाला की फळातली आम्लं वाढतात आणि तेलाची प्रत घसरते. त्यामुळे गिरणी मळ्यापासून फार लांब असूच शकत नाही. पुढे ते तेल रिफायनरीत जातं, जहाजात चढतं, न्हावाशेव्याला नाहीतर कांडल्याला टाकीत उतरतं, तिथून डब्यात. या प्रवासात दहा ठिकाणी मिसळतं. पण गिरण्यांची यादी हाताशी असली तर प्रत्येक गिरणीभोवती पन्नासेक किलोमीटरचं वर्तुळ काढून आत काय तुटलं, काय पेटलं ते उपग्रहाच्या चित्रात बघता येतं. ग्लोबल फॉरेस्ट वॉच हे अशी चित्रं दाखवणारं संकेतस्थळ फुकट आहे, कोणीही उघडावं.

जगातले मोठे व्यापारी आपल्या गिरण्यांच्या याद्या आता जाहीर करतात. त्यातल्या विल्मार या सिंगापूरच्या कंपनीने डिसेंबर २०१३ मध्ये 'जंगलतोड नाही, पीट नाही, शोषण नाही' हे धोरण जाहीर केल्यावर बाकीच्यांनाही ते करावं लागलं. धोरण शंभर टक्के पाळतात असं कोणी समजू नये, पण यादी हातात असली की पकडता तरी येतं. यादीच नसेल तर भांडायचं कोणाशी?

जोहोर रिटर्न (वाशी)

जंगलाचं झालं, आता माणसांचं कोणीतरी लिहा म्हणून वाट बघत होतो. शेवटी मीच लिहितो.

मलेशियातल्या जोहोरमधल्या एका पाम गिरणीत बॉयलर आणि सांडपाणी माझ्याकडे होतं. नाव घेणार नाही. रॅम्पवर लॉऱ्या लागतात, घड ओततात. पिकलेली फळं केशरी-लाल, खालची तेलकट जमीन बुटाला धरून ठेवते. वाफेच्या टाकीतून घड बाहेर निघाले की सगळ्या आवारात उकडल्याचा गोडसर वास. टनभर तेलामागे अडीच ते तीन टन सांडपाणी निघतं, काळं आणि ऊन. ते उघड्या तळ्यात सोडलं की तळं दिवसरात्र बुडबुडे काढतं, तो मिथेन. तळ्यावर ताडपत्रीचं आच्छादन घालून तो पकडता येतो आणि त्यावर जनित्र चालतं. आमच्याकडे आच्छादन घालायचं ठरलेलं होतं, पण मी नोकरी सोडेपर्यंत ते ठरलेलंच राहिलं. पामच्या चर्चेत जंगलाचं नाव निघतं, या तळ्यांचं कोणी काढत नाही.

तोडणी करणारा कामगार कसा असतो ते सांगतो. हातात लांबलचक ॲल्युमिनियमची काठी, टोकाला विळा. मान मागे टाकून वर बघत कापायचं. पंधरा-वीस किलोचा काटेरी घड वरून सुटतो, त्याच्या खालून बाजूला व्हायचं. खाली सांडलेली फळं वेचायची. मजुरी घडांवर. इंडोनेशियाचे, बांगलादेशचे, नेपाळचे, थोडे आपल्याकडचेही. गावातल्या एजंटाला कर्ज काढून पैसे भरून आलेले, त्यामुळे पहिली कमाई कर्जात. पासपोर्ट ऑफिसच्या कपाटात. "सुरक्षित राहावा म्हणून" असं सांगायचे. मागायला गेलं की किल्लीवाला रजेवर.

ही एकट्या त्या गिरणीची कथा नाही. २०२० मध्ये अमेरिकेच्या सीमाशुल्क खात्याने सक्तीच्या मजुरीच्या कारणावरून मलेशियातल्या एफजीव्ही आणि सायम डार्बी प्लांटेशन या दोन मोठ्या कंपन्यांचा माल अडवला. तेव्हा हालचाल झाली. सायम डार्बीने आजी-माजी कामगारांना भरतीचे पैसे परत करायला रक्कम काढून ठेवली आणि २०२३ मध्ये बंदी उठली. चळवळी करून जे वर्षानुवर्षं झालं नव्हतं ते एका बंदरावर माल अडल्यावर झालं. जगात सगळ्यात जास्त पामतेल विकत घेणाऱ्या आपल्या देशाच्या बंदरावर हा प्रश्न कधी विचारला गेलाय?

मानवी हक्कांवर काम करणाऱ्या अॅम्नेस्टीच्या २०१६ च्या अहवालात इंडोनेशियातल्या मळ्यांवर काय सापडलं तेही वाचा. नेमून दिलेला कोटा पुरा व्हावा म्हणून बायको-मुलं बिनपगारी हाताशी, बायका कीटकनाशकं फवारतात आणि त्यांना कायमची नोकरी नाही. त्यातल्या काही मळ्यांकडे आरएसपीओचं प्रमाणपत्र होतं.

येऊरची वाट

दंडवत. हा प्रतिसाद वेगळा लेख म्हणून टाका.

जोहोर रिटर्न

लेख नको, लगेच दुसरी बाजू सांगावी लागेल. इंडोनेशियात पामखालची जवळपास ४० टक्के जमीन छोट्या शेतकऱ्यांकडे आहे. दोन-चार हेक्टरवाले. त्यांची पोरं पामवर शिकली, घरं पक्की झाली. मलेशियात १९५६ पासून फेल्डा या सरकारी संस्थेने भूमिहीनांना वसवलं तेही मळ्यांवरच. युरोपच्या २०२३ च्या नव्या कायद्यात ३१ डिसेंबर २०२० नंतर जंगल तोडलेल्या जमिनीवरचा माल चालणार नाही आणि प्रत्येक तुकड्याचे अक्षांश-रेखांश द्यावे लागतील. अंमलबजावणी पुढे पुढे ढकलली जातेय, पण तयारी सुरू आहे. मोठ्या कंपनीला हे सोपं. छोट्याकडे सातबाऱ्यासारखा कागदच धड नसतो. मग व्यापारी काय करतो? कटकट नको म्हणून छोट्याचा माल घेणं बंद. जंगल तोडणारा मोठा सुटतो आणि न तोडणारा छोटा बाहेर, असंही घडू शकतं.

शून्य अपेक्षा

कंपन्यांची सामाजिक जबाबदारी आम्ही पारसिकच्या डोंगरावर बघतो की. पावसाळ्यात बस येते, सगळ्यांना एकसारखे टीशर्ट, रोप हातात धरून फोटो. पुढच्या पावसाळ्यात तीच बस, तोच खड्डा.

आकडेमोड

हसू आलं, पण दोन गोष्टींची गल्लत नको. ते टीशर्ट २०१३ च्या कंपनी कायद्यातले. ठरावीक आकाराच्या कंपनीने नफ्याच्या दोन टक्के समाजकार्यावर खर्च करायचे. नफा कसा कमावला हे तो कायदा विचारत नाही. जंगल तोडलेलं तेल वापरून कमावलेल्या नफ्यातून येऊरला झाडं लावली तरी तो खूश.

कामाचा कागद वेगळा आहे. सेबीने बाजार भांडवलानुसार पहिल्या हजार कंपन्यांना २०२२-२३ पासून बीआरएसआर नावाचा, धंदा किती जबाबदारीने करता ते सांगणारा अहवाल सक्तीचा केलाय. त्यात कच्चा माल जबाबदारीने घेता का, घेत असाल तर किती टक्के, असा थेट प्रश्न आहे. बिस्किट, साबण आणि तेलाच्या कंपन्यांचे अहवाल संकेतस्थळावर फुकट मिळतात. मी दर वर्षी शेअर घेण्याआधी तेवढी पानं वाचतो. कोणी पामचा वेगळा आकडा देतं, कोणी "आम्ही शाश्वततेला बांधील आहोत" एवढ्यावर गुंडाळतं. वाक्य जितकं गोड तितका आकडा गायब, असा माझा अनुभव.

गोदाकाठ (कोपरखैरणे, मूळ नांदेड)

आयात बंद करून इथेच पाम लावू म्हणणाऱ्यांसाठी. केंद्राने ऑगस्ट २०२१ मध्ये ११,०४० कोटींचं तेलपाम अभियान मंजूर केलं, साडेसहा लाख हेक्टर वाढवायचं लक्ष्य. आमच्या नात्यातल्या लोकांची शेती तेलंगणात खम्ममकडे आहे, त्यांनी लावलाय. तिथे जंगल तोडावं लागलं नाही, आधीची भाताची जमीन होती. फळ यायला तीन-चार वर्षं, तोवर मधल्या पट्ट्यात आंतरपीक. भाव पडला तर फरक सरकार देईल असं आश्वासन. माणसं खूश आहेत, खोटं कशाला बोलू.

काळजी पाण्याची. हेक्टरी १४३ झाडं आणि भर उन्हाळ्यात मोठ्या झाडाला दिवसाला दोनशेएक लिटर. गुणाकार करा, हेक्टरी रोजचे अठ्ठावीस-एकोणतीस हजार लिटर. गोदावरीकाठी जमून जाईल. मराठवाड्यात कोणी हे पीक सुचवलं तर त्याला आधी एप्रिलमध्ये आमच्या बोअरपाशी उभं करा.

येऊरची वाट

आणि त्या अभियानाचा खास भर ईशान्य भारतावर आणि अंदमानवर आहे, दुखणं तिथे आहे. मिझोराममध्ये डंपा व्याघ्र प्रकल्पाच्या आसपासचा २०१६ मधला अभ्यास सांगतो, की झूम शेतीच्या (जंगल कापून-जाळून केलेली फिरती शेती) पडीक रानात जंगलातले जेवढे पक्षी दिसतात त्याच्यापुढे पामच्या मळ्यात काहीच नाही. वर्षानुवर्षं झूम शेतीला जंगल बुडवणारी म्हणून हिणवलं आणि तिच्या जागी पाम दिला. सुमात्राला बोट दाखवताना हे आपल्या अंगणातलं आहे.

दाणाबंदर

फक्त एक. 'पामतेलविरहित' छापू नका. शंकरपाळ्याला वनस्पती तूप घालता ना? आपल्याकडचं वनस्पती तूप बहुतेक पामचंच असतं. एखादीने डब्यामागची बारीक अक्षरं वाचली की गटाची अब्रू जाईल. आता लेबलवर कुठलं तेल ते नावानिशी लिहावं लागतं, कंपन्या लिहितात, वाचतं कोण हा भाग वेगळा.

खाडीकाठची

दाणाबंदर, वाचवलंत. वनस्पतीचा डबा आत्ताच उलटा करून बघितला, 'पाम' लिहिलंय.

गटाची बैठक झाली. चकली आणि कडबोळी शेंगदाणा तेलात, भाव वाढवून. शंकरपाळे तुपातले, थोडेच आणि सांगितले तरच. शेव आणि चिवडा पामोलिनमध्येच राहणार, कारण ते खाणारी आमची गिऱ्हाइकं घरकाम करणाऱ्या बायका आणि वॉचमन आहेत, त्यांच्या दिवाळीवर आमचं जंगलप्रेम लादायला कोणी तयार नव्हतं. मीही नाही. दरपत्रकावर प्रत्येक पदार्थासमोर तेलाचं नाव. बी विंगच्या मुलीने चकलीची ऑर्डर दिली आणि शेवेवर रागावली आहे. तिचा राग मला पटतो, पण शेवेचं तेल बदलत नाही.

ज्या कंपनीचा डबा घेतो तिच्या ग्राहकसेवेला मी मेल टाकला होता. उत्तर आलं, "आमची सर्व उत्पादने उत्कृष्ट दर्जाची असून आपल्या विश्वासाबद्दल आभारी आहोत." आता?

केमिकल लोचा

ग्राहकसेवा नको, तिथे बसलेल्या मुलाला गिरणी म्हणजे पिठाची वाटते. कंपनी शेअर बाजारात असेल तर कंपनी सेक्रेटरीचा पत्ता वार्षिक अहवालात मिळेल, मेल त्याला. एकटीच्या नावाने नको, गटाच्या नावाने आणि वर्षाला किती डबे घेता ते वर लिहून. गरमागरम, तुमचे आणि नौपाड्यातल्या अजून चार दुकानांचे डबे त्यात धरले तर आकडा बरा दिसेल, बघा जमतंय का.

विचारा, पामतेल कोणत्या गिरण्यांमधून येतं त्याची यादी जाहीर केली आहे का, केली नसेल तर कधीपर्यंत करणार. एकूण खरेदीपैकी किती टक्के प्रमाणित आणि चारपैकी कुठल्या तऱ्हेचं. "आहे" हे उत्तर धरू नका, टक्का मागा.

जोहोर रिटर्न

त्यात एक ओळ वाढवा. त्या मळ्यांवरच्या कामगारांकडून भरतीचे पैसे घेतले जातात का आणि पासपोर्ट कोणाच्या ताब्यात असतात.

गरमागरम

माझे डबे धरा. शेजारच्याला विचारतो. समोरचा नाही म्हणेल, पण त्यालाही विचारतो.